नेवाशाच्या वस्तीवरून रोज शंभर किलोमीटर: जीएसटी कपातीनंतर नेमकी कोणती गाडी घ्यावी?

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. दसऱ्यापर्यंत शोरूमच्या बाहेर हार घातलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. त्याच सुमारास अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि शेजारचा मराठवाडा अतिवृष्टीनं झोडपून निघत होता. गाडी स्वस्त झाली, पण ती वस्तीपर्यंत न्यायचा रस्ता चिखलात गेला होता.

नेवासा तालुक्यात हा विरोधाभास नेहमीचाच आहे. तालुक्याच्या मधून अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर महामार्ग जातो. नेवासा फाट्यावर उभं राहिलं तर दोन्ही शहरं साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर. एका बाजूला वाळूजची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नगरची नागापूर एमआयडीसी. कंपनीतले कामगार, शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले असे कितीतरी लोक रोज ये-जा करतात. पण घर असतं शेतात, वस्तीवर. मुळा धरणाच्या कालव्यानं भिजणारी जमीन, सोनई आणि भेंड्याचे साखर कारखाने, त्यामुळे ऊस. आणि ऊस आला की उसाच्या ट्रॉल्यांनी खोदून ठेवलेली पाणंदही आलीच.

म्हणजे रोजचा प्रवास असा: वस्तीपासून डांबरीपर्यंत तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता, मग गावचा डांबरी, मग महामार्ग. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर सहज होतात.

आता या माणसाला गाडी घ्यायची असेल तर पारावर पहिला सल्ला ठरलेला असतो. "आपला रस्ता असा, मोठीच गाडी घे." हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा महागात पडतो. शंभरातले कच्चे किलोमीटर मोजले तर आठ भरतात. बाकीचे ९२ डांबरी. खिशातला पैसा जळतो तो या ९२ किलोमीटरवर, आणि गाडी मोडते ती त्या आठ किलोमीटरवर. हे दोन हिशोब वेगळे मांडल्याशिवाय निर्णय होत नाही.

आधी पैशाचा हिशोब

नवा नियम सोपा आहे. लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के. बाहेर गेली की ४० टक्के. आधी उपकर धरून छोट्या पेट्रोल गाडीला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडत होते.

समजा करापूर्वीची किंमत ४ लाख आहे. आधी ती ५ लाख १६ हजारांना पडायची, आता ४ लाख ७२ हजारांना. ४४ हजार वाचले. कपातीनंतर मारुतीनं जाहीर केलेल्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती पाहिल्या तर एस-प्रेसो साधारण साडेतीन लाख, अल्टो के-१० तीन लाख सत्तर हजार आणि वॅगनआर पाच लाखांना टेकलेली.

४४ हजार ही रक्कम लहान नाही. पण रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला ती किती दिवस पुरते ते बघा.

महिन्याला २५ दिवस धरले तर २,५०० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो आणि डिझेल ९२ रुपये लिटर असं हिशोबापुरतं धरू. कंपनी वॅगनआरच्या एक लिटर इंजिनाला पेट्रोलवर २४ आणि सीएनजीवर ३४ किलोमीटरचा आकडा देते, पण तो चाचणीतला आकडा. एसी, दोन-तीन माणसं, कच्चा रस्ता आणि महामार्गावरचं ओव्हरटेकिंग धरून पेट्रोलवर १८ आणि सीएनजीवर २६ पकडणं शहाणपणाचं.

पेट्रोलवर महिन्याचा खर्च येतो जवळपास १४ हजार ६०० रुपये. सीएनजीवर ८ हजार ६५०. फरक सहा हजारांचा. म्हणजे जीएसटीत वाचलेले ४४ हजार पेट्रोल गाडी सात-आठ महिन्यांत परत खाऊन टाकते.

सीएनजी मॉडेल साधारण ९० हजारांनी महाग असतं. रोज शंभर किलोमीटर असतील तर हे पैसे सव्वा वर्षात वसूल होतात. पण गावातल्या गावात, शाळा-बाजार-दवाखाना असे रोज तीसच किलोमीटर होत असतील तर तेच पैसे निघायला चार वर्षांच्या वर लागतात. तिथे साधी पेट्रोल गाडी बरी. शेजाऱ्यानं सीएनजी घेतली म्हणून आपणही घेणं हा नेवाशात दिसणारा सर्वात महागडा हिशोब असावा. राज्यानं १ जुलै २०२५ पासून सीएनजी गाड्यांवरचा रोड टॅक्स एक टक्क्यानं वाढवला आहे, तरी तो पेट्रोल गाडीपेक्षा कमीच आहे.

सीएनजीच्या अडचणीही आहेत. पंप महामार्गावर मिळतात, आतल्या गावात नाही. डिकी टाकीनं भरते, त्यामुळे दुधाचे कॅन किंवा खताची गोणी मागे टाकता येत नाही. टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करावी लागते. आणि टाकीचं ऐंशी-नव्वद किलो वजन कायम मागच्या चाकांवर बसतं, म्हणजे गाडीची शेपूट आधीच थोडी खाली आलेली असते.

मग बोलेरो? २००० साली आलेली ही गाडी गावाकडे अजून का चालते याचं उत्तर पुढे येईलच. डिझेल इंजिन १,४९३ सीसी आणि लांबी चार मीटरच्या आत, म्हणून तीही १८ टक्क्यांच्या चौकटीत बसली आणि तिला कपातीचा फायदा छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त मिळाला. पण लिटरला १४ किलोमीटर धरले तर महिन्याचं डिझेल १६ हजार ४०० रुपयांचं होतं. सीएनजी वॅगनआरशी तुलना केली तर वर्षाला ९० हजारांच्या वर जास्त. बोलेरो माल, माणसं आणि शेतीचा पसारा ओढणाऱ्यासाठी आहे. एकट्यानं कंपनीत जाऊन यायला ती घेणं म्हणजे ट्रॅक्टरनं किराणा आणण्यासारखं.

१८० मिलीमीटर आणि तरीही फरक

कच्च्या रस्त्याचा विषय निघाला की सगळे ग्राउंड क्लिअरन्स विचारतात. आकडे असे आहेत: एस-प्रेसो १८०, क्विड १८४, पंच १८७, मॅग्नाइट २०५. आणि बोलेरो? तीही १८०. साडेतीन लाखांच्या एस-प्रेसोइतकीच.

तरी पाणंदीत बोलेरो टिकते आणि छोटी गाडी खालून घासते. कारण हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि मागे दोन पोती टाकली की छोटी गाडी बरीच खाली बसते, पट्ट्यांच्या स्प्रिंगवर उभी असलेली बोलेरो कमी बसते. शिवाय बोलेरोची बॉडी ट्रकसारख्या चॅसीवर बसवलेली आहे, त्यामुळे दणके आधी चॅसी खाते.

दुसरं कारण टायर. टायरवर लिहिलेले आकडे वाचायला शिकलं तर सेल्समनला विचारायची गरज राहत नाही. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच टायरची भिंत आहे. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलीमीटर. एस-प्रेसोच्या १६५/७० आर १४ टायरची भिंत ११५ मिलीमीटर. दगडावर चाक आपटलं की ही रबराची भिंत दबते आणि दणका पुढे जात नाही. म्हणूनच मोठ्या अलॉय व्हीलचं टॉप मॉडेल दिसायला भारी असलं तरी वस्तीवरच्या माणसानं शक्यतो उंच भिंतीच्या टायरचं, साध्या लोखंडी रिमचं मॉडेल घ्यावं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉय तडकली की बदलावी लागते.

तिसरी गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे चाकोरी. हा शब्द आपण आता "चाकोरीबद्ध जीवन" असाच वापरतो, पण मूळ अर्थ बैलगाडीच्या चाकांनी पडलेली घळ. ऊसतोडीच्या काळात बैलगाड्या आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रोज त्याच जागेवरून गेले की दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये वरंबा तयार होतो. हा वरंबा वाळला की दगडासारखा होतो. गाडीची चाकं चाकोरीत गेली की तो सरळ इंजिनखालच्या ऑइल चेंबरला लागतो.

चेंबर फुटणं हा ग्रामीण भागातला गाडीचा सगळ्यात महागडा अपघात आहे, कारण तो कळत नाही. ऑइल गळत राहतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि "फाट्यापर्यंत जाऊ" म्हणून माणूस आणखी चार किलोमीटर चालवतो. तेवढ्यात इंजिन जाम. त्यामुळे नवी गाडी घेताना सीट कव्हर आणि स्पीकरच्या आधी इंजिनखाली लोखंडी गार्ड बसवून घ्यावा. आणि जुन्या ड्रायव्हरांची पद्धत लक्षात ठेवावी: चाकोरीत उतरायचंच नाही, एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरं कडेला ठेवून काढायची.

काळ्या मातीपुढे सगळ्या गाड्या सारख्या

नेवाशाची बरीच जमीन काळी, कसदार. उसाला उत्तम, रस्त्याला वाईट. मुरूम न टाकलेल्या काळ्या मातीच्या पाणंदीवर दोन दिवस झड लागली की टायरच्या खाचा चिखलानं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग क्लिअरन्स २०५ असो की १६५, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जागेवर फिरते. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, तीही रिकामी असली की सरकते.

यावर खरा इलाज चारही चाकं ओढणारी गाडी. पण जिम्नी चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या पुढचं आहे, म्हणून ती ४० टक्क्यांत गेली. सरकारच्या लेखी चिखलातून बाहेर पडणारी गाडी ही चैनीची वस्तू आहे!

म्हणून अनुभवी लोक काय करतात तर पावसाळ्यातले ते पंधरा-वीस दिवस गाडी डांबरीच्या कडेला, ओळखीच्या माणसाच्या दारात किंवा शाळेजवळ लावतात आणि शेवटचे दोन किलोमीटर मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरनं जातात. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. वर्षातल्या वीस दिवसांसाठी दोन-तीन लाखांची जास्त गाडी घेऊन उरलेले ३४५ दिवस तिचं जादा इंधन भरण्यापेक्षा हे स्वस्त आहे. अपवाद एकच. घरात बाळंतपण असेल, डायलिसिसवरचं माणूस असेल, रात्री-अपरात्री निघावं लागत असेल, तर त्या वीस दिवसांची किंमत पैशात करता येत नाही. त्या घरानं गाडीच्या आधी रस्त्याकडे बघावं.

पाण्याचं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर आतले रॉड वाकतात, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. शोरूममध्ये विमा काढताना झीरो डेप सगळे सांगतात, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

उन्हाळ्यात चिखलाची जागा धूळ घेते. एअर फिल्टर तुंबला की मायलेज पडतं. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात धुळीच्या रस्त्यासाठी सर्व्हिसचं वेगळं, जवळचं वेळापत्रक दिलेलं असतं. ते फारसं कुणी उघडत नाही.

आपलाच ऊस, आपलीच टाकी

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सध्या आणखी एक प्रश्न आहे, ई-२० पेट्रोलचा. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. उसाच्या पट्ट्याला यात फायदा आहे, कारण इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा खेळतो आणि उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते. पण त्याच पट्ट्यातला माणूस पंपावर उभा राहिला की बाजू उलटते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात म्हटलं होतं की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, आणि नव्या जुळवणीच्या गाड्यांचं १ ते २ टक्क्यांनी. वरच्या हिशोबात ६ टक्के म्हणजे महिन्याला जवळपास नऊशे रुपये.

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२० ला चालतील अशा भागांनी बनतात. त्याआधीची गाडी घ्यायची तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून, लागले तर बदलून घ्यावेत. छोट्या डिझेल गाड्यांचा जुना पर्याय आता जवळपास संपला आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर मारुतीनं डिझेल बंदच केलं. आणि बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर फक्त हळूहळू, कमी अंतर चालवलं तर तुंबतो. रोज महामार्गावर जाणाऱ्याला हा त्रास कमी, पण गावातल्या गावात फिरणाऱ्यानं डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

इलेक्ट्रिक गाडी कागदावर सगळ्यात स्वस्त. जीएसटी फक्त ५ टक्के. पण महिन्याला २,५०० किलोमीटर म्हणजे, युनिटला सात किलोमीटर धरले तर, साडेतीनशेच्या वर युनिट. घरगुती मीटरवर एवढा वापर गेला की वरचा स्लॅब लागतो. युनिट १२ रुपयांनी धरलं तरी खर्च ४ हजार ३०० रुपये, म्हणजे सीएनजीच्या निम्मा. अडचण आहे ती विजेच्या वेळेची. गावठाणातल्या घराला वीज बऱ्यापैकी मिळते. पण शेतीच्या फीडरवरच्या वस्तीला थ्री फेज आठ तास, तेही पाळीनं, आणि बाकी वेळ कमी दाबाची सिंगल फेज. रात्रभर त्यावर गाडी चार्ज होईलच असं नाही, आणि शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं नियमात बसत नाही. गावठाणात घर असेल तर विचार करावा. वस्तीवर असेल तर आधी महिनाभर रात्रीचा व्होल्टेज बघावा.

महामार्गावरची रात्र

आतापर्यंतच्या हिशोबात सीएनजी वॅगनआर सरळ पुढे दिसते. पण इथे थांबावं लागतं. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या धडक चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी वॅगनआरला एक तारा मिळाला, अल्टो के-१० ला दोन. त्यानंतर दोन्हींत सहा एअरबॅग आल्या, ही सुधारणा आहे. मात्र एअरबॅग वाढल्या म्हणून गाडीचा सांगाडा बदलत नाही. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक समोर येते, आणि सेकंड शिफ्ट करून येणारा माणूस थकलेला असतो. टाटा पंचला २०२१ मध्ये याच संस्थेनं पाच तारे दिले होते. तिचं सीएनजी मॉडेल किलोला २० किलोमीटर धरलं तर महिन्याला ११ हजार २५० रुपये लागतात, वॅगनआरपेक्षा अडीच हजारांच्या वर जास्त. शिवाय हप्ता मोठा.

रोज ९० किलोमीटर महामार्गावर, त्यातही रात्री, जाणाऱ्यानं हे अडीच हजार द्यावेत. बोलेरोसाठी द्यायचे आठ हजार वेगळे आणि हे वेगळे. ज्याचा हप्ता एवढा ताणत नाही त्यानं सहा एअरबॅगचं नवं छोटं मॉडेल घ्यावं, जुनं एअरबॅग कमी असलेलं नाही, आणि हेडलाइट चांगले बसवावेत.

यापुढचा निर्णय माहितीपत्रकातून होत नाही, तो फाट्यावरच्या गॅरेजमध्ये होतो. लोअर आर्म, लिंक रॉड, सायलेन्सरचे रबर, शॉकॅब्सॉर्बर हे कच्च्या रस्त्यावर आधी जाणारे भाग. घ्यायच्या गाडीचे हे भाग नेवाशात त्याच दिवशी मिळतात की नगरहून मागवावे लागतात, एवढं विचारून यावं. गाडी दोन दिवस उभी म्हणजे दोन दिवसांचा पगार बुडाला. टेस्ट ड्राइव्हही शोरूमच्या डांबरी चकरेवर घेऊ नये. घरची चार माणसं बसवून आपल्याच पाणंदीत न्यायची, आणि खालून आवाज येतो का ते ऐकायचं.

आणि पाणंदच अडली असेल तर? मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शासन निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या "इतर हक्क" रकान्यात व्हावी. त्याआधीचे कायदे आहेतच. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जुना वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे, पण तिथे अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. बरेच जण भाऊबंदकीत बोलणी करण्यात ते सहा महिने घालवतात, आणि मग उंच गाडी बघायला शोरूममध्ये जातात.